दीडशेच्या आत

५ नोव्हेंबर, मंगळवार

आधी तक्रार लिहिते. माझी नात संघप्रिया पळायचा सराव करती म्हणून घरातलं दूध, खजूर, अंडी सगळं तिच्या ताटात जातंय. आन पळती कशी, तर आज शेजारची तानुबाई डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन तिच्या पुढं गेली. वर मागं वळून विचारती, "का गं पोरी, पाय दुखतोय का?" मी रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. कुठं बघावं ते कळंना.

आता जय भीम. ही वही मागल्या वर्षाची हाय. माझ्या पोरानं, सिद्धोधननं, त्याच्या पतपेढीतून आणलेली. वार चुकीचे छापलेत, ते खोडून मी माझे घालते. लिहायचं कारण असं, की हिला पळायला शिकवणाऱ्या परभणीच्या निकिता मॅडमनं सांगितलंय, रोज कसं पळलीस ते लिहून ठेव. हिला लिहायचा कंटाळा. म्हणली, "आजी, तू बसतीसच कठड्यावर, तूच लिही."

मी तिसरीपर्यंत शिकले. मधीच गुरुजी बदलून गेले आन दुसरे आलेच न्हाईत, त्यात माझा काय दोष. शुद्धलेखन बघायचं त्यानं दुसऱ्याची वही बघावी.

तर आजचं पळणं: चालल्यासारखं. संपलं.

७ नोव्हेंबर

हळू पळायचं कारण आज कळलं. मॅडमनं तिला आपलं जुनं घड्याळ वापरायला दिलंय. त्याच्या बुडाला हिरवा दिवा लागतो आन ते काळजाचे ठोके मोजतं. ठोके दीडशेच्या आत ठेवायचे असा हुकूम हाय. वर गेले की घड्याळ थरथरतं, आन ही बया लगेच चालायला लागती. चढ आला की चालती, समोरनं वारं आलं की चालती. एका कुत्र्यानं बघितलं तरी चालती.

म्हणलं, "हे कुठलं पळणं? मागल्या वर्षी ओकेस्तोवर पळायचीस, त्याला पळणं म्हणतात."

"आन शर्यतीत काय झालं आजी?"

ते मला आठवतंय. परभणीची दहा किलोमीटरची शर्यत. पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढं होती. मग नडगी धरून रस्त्याच्या कडंला बसली ती बसलीच. सिद्धोधननं मोटरसायकलवर घालून आणली.

"मॅडम म्हणतात, रोजच जीव काढला की शर्यतीच्या दिवशी काढायला जीव उरत न्हाई. रोज हळू पळायचं, म्हणजे काळीज मोठं व्हतं."

काळीज मोठं व्हायला पळावं लागतं हे मला नवीन हाय. पण बाई बोलती बरी.

यंदा जानेवारीत तीच शर्यत हाय. पोरींतल्या पहिल्या पाच जणींना नांदेडकडं एका खेळाच्या वसतिगृहात घेणार, तिथंच राहायचं, शिकायचं, पळायचं. न्हाई जमलं तर सिद्धोधननं सेलूला एका जिनिंगात काट्यावर लिहायची नोकरी बघून ठेवलीय. नोकरी वाईट न्हाई. पण ही एकदा त्या काट्यापुढं बसली की लोकांचा कापूस लिहून लिहून म्हातारी व्हईल, आन हिचे पाय खुर्चीखाली वाळून जातील. हे मी घरात बोलले न्हाई. इथं लिहिलं.

१२ नोव्हेंबर

मला काम लागलं. मॅडमचा फोन आला होता. म्हणल्या घड्याळ कधी कधी चुकतं, म्हणून दुसरी खूण ठेवायची. पळता पळता पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता आलं तर वेग बरोबर, तुटक तुटक बोलली तर वेग जास्त.

संघप्रिया पिंगळीच्या रेल्वे फाटकापर्यंत जाती आन परत येती, अशा फेऱ्या मारती. दर फेरीला मोरीवर मी विचारायचं, तिनं न थांबता उत्तर द्यायचं.

पहिल्या फेरीला विचारलं, "घरातली साखर कुणी संपवली?"

"मी न्हाई आजी, बाबांनी काल चहात तीन चमचे घातले आन डबा उघडा ठेवला, मग मुंग्यांनी संपवली." धाप न्हाई, काही न्हाई.

दुसऱ्या फेरीला विचारलं, "तुझ्या आईला माझ्या हातची भाजी आवडती का, खरं सांग."

उत्तर न देताच जोरात पुढं पळाली. घड्याळ थरथरलं असंल, लांबनं चालायला लागल्याली दिसली. मनिषा, माझी सून, संध्याकाळी माझ्याशी लय गोड बोलायली. म्हणजे पोरीनं घरी जाऊन सांगितलंय.

माझ्या चपला आटल्यात. पावसाळ्यात भिजल्या त्याचं हे. बोटं आत जाईनात.

२० नोव्हेंबर

आजपासून आमच्या रानात वेचणी. औंदा कापूस बरा हाय, पण रान उंच व्हायलंय. बांधापासनं वरच्या टोकापर्यंत जाईस्तोवर मला दोनदा बसावं लागलं. पहिले एवढा चढ नव्हता. तानुबाई मला खिजवायला मुद्दाम भराभरा चालायली. मी तिच्याकडं बघितलंच न्हाई.

उशाला दोन गोधड्या घेतल्या की झोप लागती. एक घेतली की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हतं. मनिषा नुसती बघती. गोधड्या तिच्या माहेरच्या हायेत म्हणून बघत असंल.

संघप्रियाचं पळणं: बोलत बोलत पळली. सासू-सुनांवरचे प्रश्न विचारू नको म्हणून अट घातली.

१ डिसेंबर

आज मी कठड्यावर टेकले, पदरानं तोंड पुसलं, तोवर ही फाटकावरनं परतसुद्धा आली. मी म्हणलं अर्ध्यातूनच फिरलीस. "न्हाई आजी, फाटकाला हात लावून आले." घड्याळ बघितलं, तर दीडशेच्या आत. बोलणंबी पुरं. पहिले एवढ्याच ठोक्यांत हिच्या पुढनं सरपणाचे भारे जायचे.

तर त्या मॅडमचं काहीतरी खरं हाय. तिला सांगायचं न्हाई.

८ डिसेंबर, रविवार

आज मी जिंकले.

दुपारी भाकरी खाऊन बाभळीखाली बसलो होतो. रविवार म्हणून संघप्रियाबी वेचायला आली होती. तानुबाई म्हणली, "ते घड्याळ माझ्या हाताला लाव गं, मला काळीज हाय का न्हाई ते एकदाचं कळू दे. माझा नवरा न्हाई म्हणतो."

लावलं. एकोणऐंशी. मनिषाचं पंच्याऐंशी. बाकीच्या दोघींचं असंच मागंपुढं. आता वेचणीत कसं असतं, जिचं ओझं काट्यावर जड तिचं नाव. मी म्हणलं जास्त आकडा येईल तिला तानुबाईनं लाडू द्यायचा. संघप्रियाचं बसल्या जागी चोपन्न भरतं हे मी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं. एवढं दूध-खजूर खाऊन चोपन्न.

मग माझ्या हाताला लावलं. एकशे चोवीस.

बायांनी टाळ्या पिटल्या. मी म्हणलं, "हे जुनं हाड हाय. खजूर न खाता एकशे चोवीस, आन तेबी नुसतं बसून." तानुबाईकडनं लाडू तिथंच वसूल केला.

एक संघप्रिया तेवढी हसली न्हाई. घड्याळ काढलं, ओढणीनं पुसलं, पुन्हा लावलं. मग माझं मनगट दोन बोटांनी धरून तोंडातल्या तोंडात मोजायला लागली. मधीच थांबायची, पुन्हा एकपासून मोजायची. तिची बोटं गार पडली होती.

"आजी, इथं चालत येताना दम लागला होता का?"

"दम त्या रानाला लागलाय, मला न्हाई. सोड हात."

हरलेल्या माणसाचं तोंड असंच व्हतं. नातीशी शर्यत लावायला नको होती.

११ डिसेंबर

काल परभणीला जाऊन आलो. शर्यतीसाठी संघप्रियाला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं म्हणं. मला कशाला नेलं, तर सोबत पाहिजे. सिद्धोधननंबी रजा टाकली. एका सर्टिफिकेटाला तीन माणसं.

डॉक्टर म्हणला, "आजी, मशीन मोकळंच आहे, तुमचंही बघून टाकू." छातीला गार चिकट काहीतरी फासून वायरी लावल्या. म्हणलं, पोरीच्या कधी लावणार? तर तिच्या आधीच झाल्या. मी बाहेर बाकड्यावर तिच्या मांडीला मांडी लावून बसले होते, मला तर ती उठल्याली दिसली न्हाई. डुलकी लागली असंल.

मग त्यानं माझा पाय अंगठ्यानं दाबला. खड्डा पडला. त्या खड्ड्याकडं असा बघत बसला, जसं काय तिथं विहीर खणायची हाय. विचारलं, "चपला कधीपासून घट्ट होतात?" इतक्या दिवसांत चपलांची चौकशी करणारा हा पहिला माणूस. मी सगळं सांगितलं, रान उंच झाल्यालंबी सांगितलं. मान हलवत लिहून घेतलं. पोरगा चांगला हाय.

मीठ कमी, लोणचं बंद, आन गोळ्या. ताकदीच्या हायेत असं सिद्धोधन म्हणला.

येताना बसमधी संघप्रिया सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. तिचं काही वाईट निघालं असंल म्हणून मी विचारलं न्हाई. वारं लागून डोळे लाल झाले होते.

१८ डिसेंबर

त्या गोळ्या ताकदीच्या न्हाईत, पाण्याच्या हायेत. सकाळभर माझ्या न्हाणीकडं फेऱ्या चालू असतात. संघप्रियाच्या फेऱ्या त्यापुढं काहीच न्हाईत. पण थंडीच्या उन्हात चामडं सैल पडतं वाटतं, चपला पायात यायल्यात. एका गोधडीवर झोप लागायलीय. मनिषाची एक तिला परत केली.

घड्याळ आता रातच्याला माझ्या हाताला बांधतात. संघप्रिया म्हणली ते माणसाच्या उबीवर चार्ज व्हतं. असंल. मोबाईल मात्र भिंतीला लावतात. थरथरायचा आकडाबी तिनं शंभर करून ठेवलाय. सकाळी उठली की पळायच्या आधी माझा हात धरून घड्याळ बघती, मग चूळ भरती.

आन पळायला जाताना घड्याळ मलाच ठेवून जाती. म्हणलं, "मग तुझे ठोके कोण मोजणार?"

"तू विचार की, आजी. तुला कळतंच."

२९ डिसेंबर, रविवार

तीन दिस झाले पोरगी पळायला गेली न्हाई. पोटात दुखतंय, मग थंडी हाय, मग आईला मदत करायचीय. मी म्हणलं कुण्या पोराचं लफडं तर न्हाई. तिच्या आईनं माझ्यापुढं वाटी जोरात ठेवली.

दुपारी तानुबाई आली. बसता बसता म्हणली, "आता काळीज बरं हाय का?"

"कुणाचं, संघीचं?"

"तुझं माय. परभणीला दाखवलं ते." मग माझं तोंड बघून पदर सावरून उठली. चहा न घेता गेली. तानुबाई चहा टाकून गेली म्हणजे भानगड मोठी हाय.

संध्याकाळी सगळ्यांना चुलीपुढं बसवलं. विचारलं, "माझ्या काळजाला काय झालंय?"

सिद्धोधन मनिषाकडं बघायला, मनिषा तव्यातल्या भाकरीकडं. शेवटी संघप्रिया बोलली.

"आजी, तुझे ठोके तालात पडत न्हाईत. बसल्या जागी लय जोरात पळत होते. म्हणून पायावर सूज, म्हणून दम. गोळ्यांनी आता आवरलेत. आणखी तसंच राहिलं असतं तर जड गेलं असतं."

"म्हणजे त्या दिवशी मी जिंकले न्हाई."

"न्हाई आजी."

तानुबाईचा लाडू परत द्यावा लागंल. तिचं बघू.

"मला खोटं सांगून का नेलं?"

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

मी दुसरंच विचारलं. "आन पळायला काहून जाईनास?"

"मला वसतिगृहात जायचंच न्हाई. सेलूची नोकरी बरी. सांजंला घरी येता येतं. मी गेल्यावर रातच्याला तुझ्या घड्याळाकडं कोण बघणार?"

सिद्धोधन खाली मान घालून म्हणला, "राहू दे माय, तिची इच्छा असंल तर." याला नोकरी सापडल्याचा आनंद हाय, पण तोंडावर दाखवंना.

मी म्हणलं, "तुझी मॅडम तुला काय शिकवायलीय? जोर रोज उधळायचा न्हाई, कामाच्या दिवसाला राखायचा. आन तू सगळा जोर माझ्या उशाशी बसून घालवायलीस. मी काय शर्यत हाय का? गोळी मी तुझ्या आईच्या समोर गिळीन. घड्याळ माझ्याच हातात राहू दे, तुझ्या बापाला आकडे वाचता येतात. सकाळी तू मोरीवर दिसली न्हाईस, तर मी लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसंन आन सगळ्या गावापुढं खाईन."

"आजी, तसं करू नको."

"कैरीचं. जुनं."

रडली थोडी. रडू दिलं. मनिषानं बरणी उचलून कुठंतरी लपवली.

३० डिसेंबर

गेली पळायला. मी मोरीवर. विचारलं, "बरणी कुठं लपवलीय?" धाप न लागता म्हणली, "सांगितलं तर आई मला घरात घेणार न्हाई." बरोबर वेग.

१९ जानेवारी, रविवार. रातच्याला लिहायचं त्राण उरणार न्हाई, म्हणून बसमधीच लिहायले. अक्षर हलल्यालं हाय.

शर्यतीचा रस्ता असा होता, की एका चौकातनं पोरी दोनदा जाणार. एकदा अर्ध्यात आन एकदा शेवटाच्या जवळ. सिद्धोधननं चहावाल्याकडनं माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आणली. मनिषा आन तानुबाई उभ्या. तानुबाईला लाडू परत दिला, तिनं तिथंच खाल्ला.

पहिल्या खेपेला पोरी आल्या त्या वादळासारख्या. मोजल्या, आठ गेल्या, आमची कुठंच न्हाई. मागल्या वर्षी इथवर हीच पुढं होती. मनिषानं माझा खांदा धरला, नखं रुतवली. मग आली. मोरीवरनं जाती तशीच येत होती.

मी ओरडून विचारलं, "सकाळी पोहे किती खाल्लेस?"

"अर्धी वाटी आजी, आईनं शेंगदाणे लय घातले होते म्हणून बाकीचे ठेवले."

पुरं वाक्य, शेंगदाण्यासकट. पुढच्या आठ जणी गेल्या त्यांच्या तोंडातनं नुसती वाफ निघत होती. म्हणलं, "एवढं बोलायला उरलंय, तर मग कुणासाठी राखायलीस? सोड की आता."

"इथं न्हाई. पुढच्या वळणावर." आन गेली.

मग लय वेळ काहीच न्हाई. तानुबाई बडबडत होती, मी ऐकलं न्हाई.

दुसऱ्या खेपेला एक आली, दोन आल्या, तीन. मग एक लांब वेणीची. चार. आन तिच्या पाठीला लागून आमची. तोंड लाल, नजर पुढं. मी विचारलं, "पाणी पाहिजे का गं?"

उत्तर न्हाई. माझ्याकडं बघितलंबी न्हाई. माझ्या खुर्चीसमोरच त्या वेणीवालीला मागं टाकलं आन वळून दिसंनाशी झाली. नुसते पाय वाजल्याले ऐकू आले.

विचारल्यालं उत्तर न देता कुणी माझ्यापुढनं गेलं तर मी घरात ऐकून घेत न्हाई. आज घेतलं.

त्याच वेळी माझ्या हातातलं घड्याळ थरथरायला लागलं. सिद्धोधन घाबरून वाकला. म्हणलं, काही न्हाई, ते बिघडलंय.

चौथी आली. भोंग्यावर नाव पुकारल्यालं ऐकू आलं, तिकडं मॅडमनं तिला उचलून धरलं म्हणं. मग ती माझ्या खुर्चीपाशी येऊन खाली बसली, माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून. बोलता येईना तिला.

"तिघी पुढं होत्या?"

मान हलवली.

"मग शेंगदाणे ठेवायला नको होते."

तिची पाठ गदगदा हलायली. हसत होती का रडत होती ते मी वाकून बघितलं न्हाई. घामानं माझं लुगडं भिजलं. आता बसमधी माझ्या खांद्यावर झोपलीय, डोकं दगडासारखं जड हाय. खांदा आखडला तरी हलवला न्हाई, कारण बस लय हलायलीय, हिचं डोकं खिडकीवर आपटंल.

९ फेब्रुवारी, रविवार

संघप्रिया वसतिगृहात जाऊन आठवडा झाला. खजूर शिल्लक राहायलेत. मुंग्या लागल्या.

डॉक्टरनं मला रोज थोडं चालायला सांगितलंय, दम न लागता. तर त्या पोरीनं माझाच उद्योग माझ्यावर उलटवला. सकाळी ती तिकडं पळून आली की फोन करती. मी फोन कानाला धरून मोरीपर्यंत चालायचं, ती विचारणार, मी चालता चालता पुरं वाक्य बोलायचं. तुटक बोलले की तिकडनं ओरडती, "थांब आजी, कठड्यावर बस." मॅडमनं घड्याळबी मलाच ठेवू दिलं. आता माझं बसल्या जागी ऐंशी दाखवतं. असल्या आकड्यावर कुणी लाडू देत न्हाई.

आज तिनं काय विचारावं? "आजी, आईला तुझ्या हातची भाजी आवडती का, खरं सांग."

मी न थांबता म्हणलं, "न आवडून सांगती कुणाला, तिची माय इथं हाय थोडीच, तिला माझ्याच हातचं खायचंय." मनिषा मागनं पाण्याचा तांब्या घेऊन चालत होती. तिला ऐकू गेलं. म्हणली, "मीठ कमी केल्यापासनं आवडती." एवढ्या वर्षांनी बोलली बाई.

एक सांगून ठेवते. सिद्धोधननं ही वही वाचायची न्हाई, पण तो वाचतो, हे मला ठाऊक हाय. म्हणून इथंच लिहिते. सकाळचा फोन माझा. मी धापा टाकत असले तरी कुणी मधी तोंड घालायचं न्हाई, विचारणार ती आन बोलणार मी. आन ज्या सकाळी माझ्याच्यानं उचलणं व्हणार न्हाई, त्या सकाळी तानुबाईनं उचलायचा न्हाई, ती रडून घोळ घालंल. मनिषानंबी न्हाई. सिद्धोधना, तू उचलायचा. आधी विचारायचं, पळून झालं का. झालं नसंल तर म्हणायचं, आधी पळून ये, मग बोलू. आन पळून आली की सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट काही सांगायचं न्हाई. खरं तेच सांगायचं, पुऱ्या वाक्यात, आन ते तूच सांगायचं.